नाथाजीची झील

आपण गायक आहोत याबद्दल नाथाजीला कधी शंका नव्हती. कुपवाडच्या वर्कशॉपात बावीस वर्षं लेथवर उभा राहणारा हा आटपाडीकडचा धनगर दर जत्रेला मोटरसायकल हाणत गावी जायचा आणि थोरला चुलतभाऊ तात्याबा याच्या मागे बसून ओवी गायचा. ओवीत म्होरक्या ओळ म्हणतो आणि मागचा तिचा शेवट उचलून लांबवतो, त्याला झील म्हणतात. नाथाजीने झील ओढली की मेंढरं चरायची थांबायची. कौतुकाने की धास्तीने, हे मात्र त्यांना कुणी विचारलं नाही.

यंदाच्या जत्रेत कुणीतरी व्हिडिओ काढला आणि मोबाइलभर तात्याबाचं नाव झालं. त्यात नाथाजीचा फक्त उजवा गुडघा दिसत होता. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आण्णा, हितनं पुढं तुमी येकटंच म्हना."

"म्हंतो की," तात्याबा म्हणाला. ताठा त्यालाही कमी नव्हता.

नाथाजीने वर्कशॉपात जाहीर करून टाकलं, खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की आपण एकट्याने ओवी म्हणणार. बायको बनुबाई म्हणाली, "आवं, घरात येकदा म्हनून बघा की."

"तीस वर्सं म्हंतोय. आता काय बघायचं?"

खंडेनवमीला लेथला झेंडूचे हार चढले, पेढे वाटले, मालक सहकुटुंब पुढच्या खुर्च्यांवर बसले. नाथाजीने कानावर हात ठेवला, डोळे मिटले, तोंड उघडलं. "माळावरी गं" एवढंच बाहेर आलं. कोण माळावर, कशाला, काही पत्ता नाही. त्याने घाम पुसून दुसरी ओळ धरली. "मेंढरामागं गं." तिचंही शेपूटच. तीस वर्षांत एकाही ओळीचं तोंड त्याने पाठ केलं नव्हतं, ते तात्याबाचं काम. मागे फिटर खुसखुसायला लागले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं नाथाजीला वाटलं.

पळून जावं, तर उद्या याच दारातून आत यायचं होतं. त्याने ताठा गिळला, तात्याबाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आण्णा, पयल्या वळीचं तोंड सांगा."

पलीकडे तात्याबाने आधी ओरडणारी मेंढरं दटावली. मग म्हणाला, "सांगत न्हाई. म्हंतो. तू मागनं धर."

फोनातून ओळ आली, नाथाजीने तिचा शेवट उचलला. तिसऱ्या ओळीला फिटर झील ओढू लागले, सातव्या ओळीला खुद्द मालकांनीही सूर लावला, तोही भलतीकडे. पण अख्खं वर्कशॉप गात होतं आणि नाथाजीला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

ओवी संपली. नाथाजी म्हणाला, "आण्णा, आज तुमी नसता तर माजी अब्रू गेली आस्ती."

"माजी गेली की," तात्याबा म्हणाला. "परवा देवळात येकटाच म्हनाया बसलो. पयली वळ म्हनली आन् दुसरी आठवंना. तू झील वडतोस न्हवं, तेवढ्यात मी पुढचं आठवून घेतो. तीस वर्सं ह्येच चाललंय."

नाथाजी कावराबावरा झाला. "आण्णा, फोन स्पीकरवर हाय."

"ठावं हाय मला. ऐकू दे समद्यास्नी."