चौथ्या तुकड्यातली क्लॅरिनेट

मी रोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. भूत, करणी, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. त्यामुळे हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. पण ज्या माणसाबद्दल हे आहे त्याच्याबद्दल कुठेही काही लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा मोठा भाऊ मिलिंददादा संगीतकार आहे. पेणला राहतो. जाहिराती, नाटकं अशी कामं करता करता त्याला एका अ‍ॅनिमेशन चित्रपटाचं पार्श्वसंगीत मिळालं. मिठागरात हरवलेल्या बगळ्याच्या पिल्लाची गोष्ट होती. पहिल्यांदाच खराखुरा ऑर्केस्ट्रा हाताशी - व्हायोलिन, चेलो, सगळं. दादा हवेत होता.

संगीताच्या सात तुकड्यांपैकी चौथ्यात पिल्लाची आई खाडीवरून त्याला शोधत फिरते. तिथे दादाने क्लॅरिनेटचा एकट्याचा भाग लिहिला होता, तो सदू मास्तरांसाठी. मास्तर पेणजवळच्या जित्याचे. तरुणपणी पेणच्या एका बँडमध्ये वाजवायचे, नंतर रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत कितीतरी वर्षं शिफ्ट केल्या. दादाला स्वरलिपी वाचायला त्यांनीच शिकवलं, तेही फुकट. दादाने त्यांना घरी जाऊन कागद दिला तेव्हा ते नुसते त्या कागदाकडे बघत बसले होते. दोन महिने रोज सराव केला त्यांनी.

पण छाती साथ देत नव्हती. तालमीला दम तुटायला लागला. आणि रेकॉर्डिंगच्या तीन दिवस आधी दादाने फोन केला - मी शेजारीच बसले होते - "मास्तर, तुम्ही दगदग करू नका. मी दुसऱ्या कोणाला तरी घेतो."

पलीकडून एवढंच ऐकू आलं, "बरं बरं. तुझं काम चांगलं झालं पायजे."

दादाने दुसऱ्या कोणाला घेतलं नाही. हिंमत झाली नाही म्हणा. ती जागा तशीच रिकामी ठेवली, खाली फक्त चेलोचा लांब धरलेला सूर. निर्मात्यांना ते तसंच आवडलं. रेकॉर्डिंगनंतर आठवड्याभरात मास्तर गेले.

हे नीट लक्षात घ्या. क्लॅरिनेट त्या स्टुडिओत आलीच नव्हती. पुसली नाही, कापली नाही. वाजलीच नाही.

निर्मात्यांना साध्या माणसांची मतं हवी होती. चित्र न दाखवता नुसतं संगीत ऐकवायचं, आणि काय वाटलं ते लिहून घ्यायचं. पहिली बैठक पेणला एका गणपतीच्या कारखान्यात ठेवली. गणपती होऊन गेलेले, शेड मोकळी होती. रविवार, सकाळचे दहा. कारागीर, त्यांच्या घरचे, शेजारचे दुकानदार, दोन-तीन मिठागरातल्या बायका. सात तुकडे वाजवले, चिठ्ठ्या गोळा केल्या. पेपर तपासायची सवय, म्हणून त्या माझ्याकडे आल्या.

पहिल्या काही चिठ्ठ्यांत "छान", "झोप आली", "ढोलकी पाहिजे होती" असंच होतं. मग एक - "चार नंबरमध्ये बासरीसारखा पण जाडा आवाज आहे तो सगळ्यात आवडला." पुढची - "चौथ्यातला सनईवाला दमलेला वाटतो." मग आणखी एक. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत चौथा तुकडा आणि त्यातलं ते फुंकायचं वाद्य.

मिठागरातल्या एका आजींना लिहिता येत नव्हतं. त्यांचं मत मीच लिहून घेतलं. म्हणाल्या, "त्यो फुंकणारा हाय ना, त्याला कुनीतरी पानी द्या गो. घसा सुकलाय त्याचा."

मी ते लिहिलं, आणि पेन हातातच राहिलं.

दादाला दाखवलं तेव्हा तो आधी चिडला. मग फाइल उघडून एकेक वाद्य वेगळं काढून ऐकलं. मीही ऐकलं. काही नव्हतं. मी म्हटलं, चेलो आणि व्हायोलिनचे सूर मिसळून कानाला तिसरा आवाज भासू शकतो. आणि शेजारी शेजारी बसले होते, एकाचं बघून दुसऱ्याने लिहिलं असेल. 

पुढच्या रविवारी दुसरी बैठक रोह्याला, आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात. दुपारी चार वाजता. या वेळी मी सगळ्यांना परीक्षेसारखं लांब लांब बसवलं. पेणचं एकही माणूस नव्हतं. आणि दादाला न विचारता मी मास्तरांच्या बायकोला, कमलकाकूंना, बोलावलं. का, ते नीट सांगता येणार नाही. बहुतेक मला वाटलं, खरं असेल तर त्यांना तरी कळेल.

कमलकाकू जित्याहून गाडीने आल्या. दादाला बघून म्हणाल्या, "बरा हायस ना?" दादाला त्यांच्याकडे बघवेना.

तुकडे वाजले. चौथा सुरू झाला, आणि मी लोकांचे चेहरे बघत राहिले. चेलोचा सूर लागला तसे काही जण मान वर करून स्पीकरकडे बघायला लागले. एकाने डोळे मिटले. काकू मात्र सरळ समोर बघत होत्या.

चिठ्ठ्यांत पुन्हा तेच; दोन-तीन मी मोठ्याने वाचल्या. पण या वेळी काकूंनीच सगळ्यांदेखत विचारलं, "चौथ्यात काय वाजत होतं म्हणता तुम्ही लोकं?"

धाटावची पहिली शिफ्ट संपवून आलेला एक जण होता, घरत नावाचा. कोलाडचा, वय तिशीच्या आसपास, कंपनीचा शर्ट अजून अंगात. तो म्हणाला, "क्लॅरिनेट असेल ना ती? आमच्याकडं वरातीत असते तशी."

"मला नाय आली ऐकू," काकू म्हणाल्या.

"असं कसं? एवढी मोठी तर वाजत होती."

"गुणगुणून दाखव बघू."

तो लाजला. मग हळूच गुणगुणायला लागला.

दादाने टेबलाची कड घट्ट धरली. तीच चाल होती. ती फक्त त्याच्या हातच्या दोन कागदांवर होती - एक पेणला कपाटात, दुसरा जित्याला मास्तरांकडे. पण पुढचं ऐका. दादाने मधली ओळ एका दमात लिहिली होती, लांब. घरत मात्र ओळीच्या मध्येच थांबला, श्वास घेतला, दोन बारीक सूर जास्तीचे लावले आणि पुढे गेला.

"हे नाही असं," दादा अगदी बारीक आवाजात म्हणाला. "हे मी लिहिलेलं नाही."

काकूंचे डोळे भरले होते. "नाय लिवलंस. दम पुरंना म्हणून त्यांनीच घातलं ते. बोलले, मिलिंदला कळणार नाय, रेकॉर्डिंगला गुपचूप वाजवीन. पन तुझा फोन आला... मग पेटीत ठेवली ती, परत काढली नाय."

 घरत घाबरून माझ्याकडे बघत होता - त्याचं काय चुकलं ते त्याला कळेना. मास्तरांना तो ओळखत नव्हता. जित्याला कधी उतरलाही नव्हता. नंतर मी दोनदा खोदून खोदून विचारलं, तरी उत्तर तेच.

काकू म्हणाल्या, "परत लाव." दादाने लावलं. त्या उठून स्पीकरजवळ गेल्या, त्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. तुकडा संपला. मी विचारलं, "काकू...?"

"नाय गो येत. माझ्या कानात त्यांचा खोकलाच बसलाय, दुसरं काय येणार?" मग दादाकडे वळून म्हणाल्या, "लोकांना येतंय ना? ऱ्हाऊ दे तसंच. दुसऱ्या कोनाला नको घेऊ वाजवायला."

मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले.  दोन वर्षांनी त्याही गेल्या.

चित्रपट आला आणि गेला. चार लोकांनी पाहिला असेल. त्याचं संगीत मात्र इंटरनेटवर आहे आणि खाली लोक अधूनमधून लिहितात. कोणाला व्हायोलिन आवडतात, कोणाला शेवट लांबलेला वाटतो. आणि दर काही महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, चौथ्यात क्लॅरिनेट कोणी वाजवली? नाव का नाही दिलं?

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. भास म्हणावा, तर त्या दोन सुरांचं काय करायचं? मास्तरांना ओळखणाऱ्या आम्हा तिघांनाच ती क्लॅरिनेट ऐकू का आली नाही, हेही मला कळलेलं नाही.

दादाने त्यानंतर फारसं काम घेतलं नाही. वहिनी सांगते, रोज सकाळी चहा झाला की हेडफोन लावून चौथा तुकडा लावतो. इतकी वर्षं, रोज. मागच्या महिन्यात गेले होते तेव्हाही तसाच बसला होता, डोळे मिटून, मान किंचित पुढे काढून. तुकडा संपल्यावर मी विचारलं, "आलं काही?"

त्याने नाही म्हणून मान हलवली, आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.