खलफानची रायफल

हारूनभाई मूळचे हर्णैचे. ओमानमध्ये, मस्कतजवळ अल खौदला त्यांचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. पितळी कॉफीची भांडी, लाकडी पेटारे, खंजीर. मागच्या भिंतीवर पूर्वी पाच-सहा जुन्या बंदुका असायच्या, तिथे आता नुसते खिळे आहेत. दुकान नावाला अर्बाबचं, म्हणजे ओमानी मालकाचं, चालवतात हारूनभाई. मी जवळच अल हैलला राहतो. एकदा समई शोधत त्यांच्याकडे गेलो आणि मग जातच राहिलो. माणूस बोलका, पण त्या खिळ्यांबद्दल विचारलं की चहा मागवायचा. एका दुपारी मात्र त्यांनी सगळं सांगितलं.

बंदुका यायच्या पोलिसांच्या लिलावातून. जप्त मालातल्या अगदी जुन्या बंदुका निवडून, नळीत पोलादी खुंटी ठोकून, वेल्डिंगने कायमच्या बंद करून परवानाधारक दुकानदारांना विकायचे. परवाना अर्बाबचा, बोली हारूनभाईंची. आणायच्या, गंज काढायचा, दस्त्याला तेल पाजायचं आणि विकायच्या. गिऱ्हाईक म्हणजे पर्यटक, नाहीतर नवं घर बांधलेला एखादा हौशी.

"बंदूक कुणाच्या तरी घरातून आलेली असते, हे कधी डोक्यातच आलं नाही," ते म्हणाले.

ते डोक्यात आणलं खलफाननी.

खलफान मस्कतपासून दोन तासांवरच्या सहमचे. समुद्राजवळ त्यांची खजुराची आणि आंब्याची बाग आहे. हारूनभाई बाविसाव्या वर्षी ओमानला आले ते सहमच्याच एका वाणसामानाच्या दुकानात. खलफान रोज तिथे येऊन बसायचे. अरबी त्यांनी शिकवली. खरी जुनी चांदी आणि चांदीचं पाणी दिलेलं पितळ यांतला फरकही त्यांनीच दाखवला. आजचा धंदा त्या माणसाच्या जिवावर उभा आहे, असं हारूनभाई स्वतःच म्हणतात. त्यांना ते 'वालिद' म्हणत. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला तसंच म्हणतात.

खलफानच्या पुतण्याने एका लग्नात त्यांना न विचारता घरातली रायफल नेली आणि हवेत दोन बार उडवले. तक्रार झाली. परवान्याची मुदत कधीच संपलेली. रायफल जप्त झाली. दोन वर्षांनी ती लिलावाच्या यादीत आली, तेव्हा खलफान अल खौदला आले आणि हारूनभाईंच्या दुकानात स्टुलावर बसले.

"माझ्याकडून जप्त झालेली, म्हणून मला बोली लावता येत नाही," ते म्हणाले. "तू घे. तिचा आवाज बंद केलाय, ठाऊक आहे मला. मला कुठे उडवायचीय? भिंतीवर हवी. आजोबांची आहे. दस्त्यावरची पट्टी माझ्या आईने पायातलं वाळं मोडून दिलेल्या चांदीची."

"वालिद, हे काय सांगणं झालं? समजा तुमच्या घरी आली."

लिलाव मे महिन्यात होता. सकाळी नऊलाच पत्र्याची शेड तापलेली. हारूनभाईंना रायफल सहज मिळाली, दुसरं कुणी फारसं चढलंच नाही. कागदावर सही करून ते बाहेर पडले, तोच कौशिक नावाचा एक तरुण मागून आला. मस्कतला समुद्रकाठी नवं हॉटेल होत होतं, त्याच्या सजावटीचं काम त्याच्याकडे होतं.

"सर, ही रायफल मला लॉबीसाठी पाहिजे. आणि खरं सांगू? अख्खी लॉबीच तुमच्याकडून करून घेतो. पेटारे, दरवाजे, सगळं. तुमच्यासारखा जाणकार माणूस मला भेटलाच नव्हता."

"ही दिलेली आहे कुणालातरी."

"मग राहू दे. पण रायफलीशिवाय ती भिंत जमत नाही. मला दुसरीकडे बघावं लागेल."

"पैशाची अडचण नव्हती हो," हारूनभाई मला म्हणाले. "असती तर निदान तसं म्हणता आलं असतं. सतरा वर्षं लोक मला भंगारवाला समजत होते. त्या पोराने मला सर म्हटलं, जाणकार म्हटलं. गाडीपर्यंत चालत गेलो तेवढाच वेळ विचार केला. पन्नास पावलं असतील. आणि मागे वळून हो म्हणालो."

गाडीतूनच त्यांनी खलफानना फोन लावला. "वालिद, माफ करा. एकजण बोलीत फार वर गेला. माझ्या हातात राहिलं नाही."

पलीकडून खलफान म्हणाले, "खलास. नशीब. तू माझ्यासाठी उन्हात उभा राहिलास, अल्ला तुला बरकत देवो."

जूनमध्ये सहमहून आंब्यांची पेटी आली. दरवर्षी यायची, त्या वर्षी दोन आल्या. हारूनभाईंनी एकाही आंब्याला हात लावला नाही. त्यांची बायको खुदेजा चार दिवस बघत राहिली. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "आंबे सडतायत. तुम्हाला झालंय तरी काय?"

त्यांनी सांगितलं. ती सडलेले आंबे वेगळे काढता काढता म्हणाली, "त्यांनी तुम्हाला बोलायला शिकवलं, आणि तुम्ही त्यांच्याशी खोटं बोललात."

हॉटेल सुरू झालं. लॉबीची वाहवा झाली. ईदला खलफानचा फोन आला, तो हारूनभाईंनी वाजू दिला. सहमला जाणं त्यांनी बंद केलं. मग एक दिवस हॉटेलात जाऊन त्यांनी मॅनेजरला विनवलं, ही रायफल काढून द्या, हिच्या बदल्यात तीन देतो. मॅनेजर हसला. म्हणाला, पाहुणे सगळ्यात जास्त फोटो हिच्याबरोबरच काढतात.

शेवटी खुदेजाच म्हणाली, "रायफल नाही देता येत, तर खरं तरी द्या."

एका शुक्रवारी जुम्म्याची नमाज करून ते सहमला गेले. खलफान बागेत पाटाचं पाणी वळवत होते. हारूनभाईंनी बसायचीही वाट पाहिली नाही, उभ्याउभ्याच सांगून टाकलं. रायफल मिळाली होती. मी ती दुसऱ्याला दिली. वर कुणी गेलंच नव्हतं.

खलफाननी हातातलं फावडं झाडाला टेकवलं. ओरडले नाहीत.

"सगळ्या गावाला सांगितलं मी, हारूनने जिवाचं रान केलं म्हणून," ते म्हणाले. आणि मग, "चल. दाखव मला."

दोन तासांनी ते मस्कतला पोचले. हॉटेलच्या लॉबीत थंडगार हवा, लोबानचा वास. रायफल काचेमागे, वर पिवळा दिवा. खलफान समोर जाऊन उभे राहिले. काचेवर बोट ठेवून पट्टी कुठून कुठपर्यंत आहे ते त्यांनी तपासल्यासारखं केलं. तेवढ्यात एक गोरं जोडपं आलं. पांढरी पायघोळ दिश्दाशा, पांढरी दाढी आणि मागे जुनी रायफल बघून ती बाई हरखून गेली. फोटो काढू का, असं तिने खुणेनेच विचारलं. तिला वाटलं, म्हाताऱ्याला हॉटेलनेच उभं केलंय.

"मी मध्ये पडणार होतो," हारूनभाई म्हणाले. "वालिदनी हाताने थांबवलं. डोक्याला गुंडाळलेला मुसर सारखा केला आणि ताठ उभे राहिले. बाईने मोबाइल माझ्या हातात दिला, म्हणाली, आमच्या तिघांचा काढा. मी काढला. काय करणार होतो? पहिला नीट आला नाही, दोनदा काढावा लागला."

परत सहमला पोचले तेव्हा रात्रीची, इशाची अजान होत होती. फाटकापाशी खलफान उतरले. वीस वर्षांत पहिल्यांदाच ते 'आत ये' म्हणाले नाहीत. दार नीट लावून घेतलं आणि गेले.

हारूनभाईंनी बंदुका घेणं त्या दिवसापासून सोडलं. लिलावाला आता अर्बाब दुसऱ्याला पाठवतो. खलफानचा फोन त्यानंतर आलेला नाही. यांनी केला तर ते उचलतात, खुदेजाची, आमच्या हारूनभाईंच्या लेकीची, अंबरीनच्या शाळेची चौकशी करतात आणि ठेवतात. माफी मागितली तर म्हणतात, 'केलं माफ, केलं.' घाईत असल्यासारखे.

मॅनेजरच्या मागे लागून लागून हारूनभाईंनी एक गोष्ट मात्र पदरात पाडून घेतली. रायफलीखाली 'जुनी रायफल' एवढीच पाटी आहे, तिथे खलफानच्या आजोबांचं नाव लावायचं. पितळेचा पत्रा कापून आणलेला त्यांनी मला दाखवला, कोराच. आजोबांचं पूर्ण नाव त्यांना माहीत नाही. ते फक्त खलफानच सांगू शकतात.

"विचारा की मग," मी म्हटलं.

"विचारतो," ते म्हणाले. फोन गल्ल्यावरच होता. त्यांनी पत्रा कागदात गुंडाळला आणि खणात ठेवला.