पातळ फळीतली तार

माझी मावशी लाकूड भाजते. जाळत नाही, भाजते; हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी ती बोलतही नाही. कारखान्यातल्या बंद भट्टीत आधी लाकडातलं पाणी काढायचं, मग हवा लागू न देता ते वाफेत तापवायचं. असं लाकूड सहसा ओल धरत नाही, आणि ओल नसली की बुरशीला थारा नाही. माझे बाबा आपल्या या मेहुणीला ‘भट्टी’ म्हणतात आणि ती त्यांना ‘ओलं लाकूड’. दोघांचं कधी सरळ बोलणं झालंच नाही.

आमच्या गॅलरीच्या तुळया तिनेच भाजून दिल्या होत्या. त्या दिवशी ताईच्या होणाऱ्या सासरची मंडळी आली होती आणि बाबांनी सगळ्यांना कौतुकाने गॅलरीत नेलं होतं. मावशी उशिरा आली. मी तिला घ्यायला अंगणात गेले, तर ती वर बघत थांबलेली. तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे पांढरं, कापसासारखं काहीतरी पसरलं होतं. मला वाटलं, कोळिष्टक असेल. मावशीने शिडी लावली, पिशवीतला टोचा काढून तिथे दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

कोळिष्टक नव्हतं, बुरशी होती; लाकूड आतून कुजलं होतं. वर बाबा पाय आपटून दाखवत होते, “हत्ती नाचवा इथे!”

“भावजी, सगळ्यांना आत न्या,” मावशी म्हणाली.

“का गं भट्टी? तुझंच लाकूड ना? तूच म्हणालीस, आपण मरू पण हे कुजणार नाही!”

पाहुणे हसले. मावशी टोच्याकडेच बघत राहिली. मला तिचा भयंकर राग आला. एरवी हिच्या जिभेला हाड नाही, आणि आत्ता दातखीळ बसावी?

“म्हणाले होते. चुकले,” ती म्हणाली. “एकेक करून आत जा. धावू नका.”

हा आवाज बाबांनी कधी ऐकला नव्हता. ते मुकाट्याने बाजूला झाले. ताईच्या सासूबाई सगळ्यांत शेवटी आत गेल्या आणि कर्रकन आवाज झाला. गॅलरी पडली नाही, पण कठडा एका बाजूला झुकला.

सगळे खाली आल्यावर कुणी विचारायच्या आत मावशीनेच सांगितलं. घाईत तिने पातळ फळ्या आणि जाड तुळया एकाच वेळी भट्टीत भरल्या होत्या. आतली उष्णता दाखवणारी तार सगळ्यांत जाड तुळईत खुपसायची असते. तिने ती हाताशी आलेल्या फळीत खुपसली. फळी भाजून झाली, तशी हिने भट्टी बंद केली. तुळयांना वरून तोच तपकिरी रंग आला, पोटात मात्र त्या कच्च्या राहिल्या. भिंतीतली ओल तिथेच मुरली.

“जाऊ दे, कुणाला लागलं नाही ना,” बाबा म्हणाले.

“त्या खेपेतल्या बाकीच्या तुळया कुठे गेल्या?” सासूबाईंनी विचारलं.

मावशीने भिंतीला हात टेकला. “शाळेच्या जिन्याला.”

बाबांनी स्कूटर काढली, मावशी मागे बसली, मी सायकलवर त्यांच्या मागे. आम्ही पोचलो तेव्हा शाळा सुटल्याची घंटा वाजत होती. वरच्या मजल्यावरून पोरांचा गलका येत होता. खालून ओरडून उपयोग नव्हता. मावशी त्याच जिन्याने धावत वर गेली आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर हात पसरून उभी राहिली. पोरं तिला ढकलत होती, तिच्या हाताखालून निसटायला बघत होती.

“कोण तुम्ही? मुलांना का अडवताय?” मुख्याध्यापिका संतापल्या.

“हे लाकूड मी भाजलंय,” मावशी म्हणाली, “आणि ते कच्चं आहे. मुलांना मागच्या जिन्याने न्या.”

शेवटचं पोर मागे वळेपर्यंत ती त्या पायरीवरून हलली नाही. खाली बाबा दोन्ही हातांनी जिन्याची तुळई धरून उभे होते.