रोडगा म्हणा, मग वाढतो

आमच्याकडे पंगतीत वाढणारा मुक्यानं वाढत नाही. हातात वरणाची बादली असली तर वरण वरण म्हणत फिरतो, भात असला तर भात. नको असलं की जेवणारा पत्रावळीवर हात आडवा धरतो. मी तिसरीत शाळा सोडली, पण ही रीत कधी सोडली नाही.

राज्यं नव्यानं आखली आणि आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं जमत होतं. मुलगा यवतमाळला जिनिंगात फिटर होता, पण घर जळगावकडचं. बहिणीला तो पसंत होता. माझ्याशी ती बोलली नाही, पण मायजवळ म्हणाली होती की हे घर हातचं जाऊ देऊ नका. बाप नव्हता, म्हणून घरचा मोठा मीच.

राळेगावच्या वाटेवर आमचं वावर आहे. तिथं आंब्याखाली रोडग्यांचा स्वयंपाक ठेवला. पाहुण्यांनी जेवायचं, मग सुपारी फोडायची, असं ठरलं होतं. रोडगे मी स्वतः केले. जाडसर कणीक, तेल लावून पदरावर पदर, त्यावर एक मोठी पारी गुंडाळायची आणि गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, पुरायचे. यात मी कोणाचं ऐकत नाही. सोबत वरण, अन् वांग्याची भाजी, तिच्यावर लाल तर्री आणि वरून सांबार.

त्या घरची बोली आमच्या जवळची. मले, तुले त्यांच्यातही होतं. खाण्याच्या नावांत मात्र फरक. आमचा सांबार त्यांची कोथमीर, आमची तर्री त्यांचा तवंग. तिथपर्यंत मी काही बोललो नाही. ते काही मी भाजलेलं नव्हतं.

मग मी टोपलं घेऊन निघालो, रोडगे, रोडगे म्हणत. मुलाच्या बापापाशी आलो तर त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

"बट्टी वाढा," ते म्हणाले.

"बट्टी नाही केली पाहुणे. रोडगे आहेत."

"हीच तर बट्टी. आमच्याकडं लहान पोरगंही सांगेल."

"तुमच्याकडं असंल. इथं रोडगा म्हणा, मग वाढतो."

लोक हसले. मग हसणं बंद झालं, कारण त्यांनी हात काढला नाही आणि मीही पुढे सरकलो नाही. मुलाच्या बापानं घास घेतल्याशिवाय पंगत सुरू होत नाही. सगळे तसेच बसून राहिले. वरणावरचं तूप थिजायला लागलं.

मागून काका हळूच म्हणाले, "काहून अडून राह्यला बे? म्हण ना बट्टी. काय जाते तुह्यं?"

माझं जात होतं. सकाळपासून आरापाशी मी बसलो होतो, काका नाही. बहीण तुपाची लोटी घेऊन झाडापाशी उभी होती. तिचं तोंड उतरलं होतं, ते मला दिसलं. तरी तो शब्द तोंडातून निघाला नाही.

शेवटी मुलाचा बाप उठला. मला वाटलं, आता गाडी जुंपायला सांगतात. पण ते आरापाशी गेले, राहिलेल्यातला एक फडक्यानं बाहेर काढला, राख झटकली आणि उभ्यानंच फोडला. आतून पदर सुटले, वाफ आली. त्यांनी निरखून पाहिलं.

"तुपात तळत नाही तुम्ही?"

"नाही. आरात भाजला की झालं. कापतही नाही, हातानं फोडतो."

"मग ही बट्टी नाही," ते म्हणाले. "बट्टी आम्ही कापून तळतो." आणि बहिणीकडे वळले. "पोरी, तूप आण इकडं."

रोडगा हा शब्द त्यांनीही काढला नाही. पण आपल्या जागेवर येऊन बसले, तुपात कुस्करून घास घेतला, आणि पंगत सुरू झाली. संध्याकाळच्या आत सुपारी फुटली.

पुढे एका सणाला बहिणीच्या सासरी गेलो. सासरे माझ्याशेजारी जेवायला बसले. बहीण परात घेऊन आली. परातीत कापून तुपात तळलेले खमंग तुकडे होते. ती माझ्यापुढे थांबली आणि म्हणाली, "भाऊ, काय वाढू?"

सासरे खाली पाहून भाजी कालवत होते.

"तुह्या हातात हाये ते वाढ," मी म्हटलं.

तिनं हसू दाबत वाढलं आणि वरून तूप सोडलं. चव चांगली होती. रोडग्याची नव्हती.