आत्याच्या परसातली वाट

आमची आत्या भांडल्याशिवाय जेवत नाही, असं बाबा म्हणायचे. नवरा गेला, मूलबाळ नव्हतंच, तेव्हा घरात भांडायला कुणी उरलं नाही. पण तिचं नशीब थोर! कॉलेजच्या गावातलं अगदी शेवटचं घर तिचं, आणि दरीच्या टोकाकडे जाणारी अर्ध्या तासाची पायवाट तिच्या परसातूनच वर चढायची. सगळं कॉलेज तिच्या दारातून जायचं.

आत्या खिडकीशी शिवणयंत्र घेऊन बसायची, ती या पोरांवर डोळा ठेवूनच. "खबरदार, फाटक उघडं टाकलंत तर!" "खबरदार, वांग्यांच्या वाफ्यात पाय पडला तर!" पोरं तिला तोंडावर खबरदार आजी म्हणायची. वरच्या कातळावरून घसरगुंडी करून पँट फाडून घेणारा एखादा महाभाग हमखास खाली यायचा. मग त्याला चादर गुंडाळून बाकावर बसवायचं आणि टाके घालता घालता त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. "आईनं वाढवलं की मोकाट सोडलं रे तुला?" पोरगं चादरीत खिदळतंय आणि ही दातानं दोरा तोडतेय, असा सगळा थाट.

एवढं असून ही बाई नगरपालिकेत जाऊन साहेबांच्या डोक्यावर मिऱ्या वाटायची. "ती वाट माझ्या दारातून हलवा. डोक्याला ताप नुसता!" मी म्हणायचे, अगं, राहू दे ना. तर म्हणे, तू गप्प बस, तुला काय कळतंय? हट्टाला पेटली की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

आणि काय सांगू, जिंकली की हो! कॉलेजच्या मागून नवी वाट काढली. कठडे काय, गाड्या लावायला जागा काय! आत्याच्या परसामागे तारेचं कुंपण पडलं. त्या दिवशी तिनं मला मुद्दाम बोलावून गोडाधोडाचं जेवू घातलं.

नंतर गेले, तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. वांगी मात्र टवटवीत. आत्या यंत्रावर बसलेली, पण सुईखाली कापडच नाही.

"किती शांत झालं ना गं?" मी म्हटलं.

"हो. झोप लागते आता."

डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि म्हणे झोप लागते! माझा नुसता संताप झाला. जळो मेली ती शांतता! पण हिच्यापुढे बोलायची सोय आहे का? तेव्हापासून मी दर शनिवारी जायला लागले. ती बोलत राहायची आणि मला परतीच्या बसची घाई असायची.

गेल्या शनिवारी उन्हं उतरताना फाटक वाजलं. एक मुलगा आणि एक मुलगी.

"आजी, दरीकडे इकडूनच जायचं ना? सूर्यास्त बघायचाय, पहिल्यांदाच चाललोय."

"इकडूनच," आत्या म्हणाली.

मी बघतच राहिले. "आधी पाणी प्या. आणि तो बॅगेचा पट्टा बघ, लोंबतोय नुसता. आण इकडे!" बसवलंच तिनं दोघांना. तुटका पट्टा शिवला, मग दुसरा, चांगला धड होता, तोही उसवून परत शिवला. "अभ्यास सोडून हिंडता, घरी ठाऊक आहे का?" किती दिवसांनी तिचं तोंड सुटलं होतं! मुलगी हसत होती. मुलगा सारखा आभाळाकडे बघत होता. मला सगळं ठाऊक होतं, पण मी गप्प बसले. आत्याचा चेहरा इतका उजळला होता की माझ्याच्यानं बोलवेना.

शेवटी दोघं परसामागे गेली आणि लगेच परत आली.

"आजी, तिथं कुंपण आहे."

"ठाऊक आहे," आत्या म्हणाली. "वाट कॉलेजच्या मागून आहे. मी खोटं बोलले. जरा बसाल, म्हणून."

मुलानं बॅग खांद्याला लावली. "ही उद्या गाव सोडून चाललीय. आजचा एकच सूर्यास्त होता आमच्याकडे." आणि दोघं निघून गेली.

मला वाटलं, आता ही त्याला फाडून खाणार. तर ही उंबऱ्यातच उभी.

"बरोबर बोलला तो," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज राहशील?"

आत्यानं आजवर जे हवं ते भांडून घेतलं. मागितलं कधीच नाही.

"राहते की. उद्या रविवारच आहे."

"आणि परवा?"

परवा मला कामावर जायचं होतं. मी पाण्याचे पेले उचलले आणि आत धुवायला गेले.