तोफेच्या ड्यूटीत बेल वाजत नाही

बारा वर्षांपूर्वी तोफ ऑपरेशनच्या वॉर्डात नर्स म्हणून आली आणि मोठ्या सिस्टरांच्या डोक्याला ताप झाला. तोफ हे नाव वॉर्डबॉयनं ठेवलेलं, आणि अगदी शोभायचं. चादर फाटकी आली की ती कडाडायची, उशिरा येणाऱ्या डॉक्टरांनाही सोडायची नाही. पेशंटशी मात्र गप्पांना ऊत! तिच्या ड्यूटीत बेल सारखी वाजायची. कुणाला उशी सरळ करून हवी, कुणाला पाणी, आणि काहीच नसलं तर सुनेची गाऱ्हाणी सांगायची असायची. ही बया सगळ्यांचं ऐकून घ्यायची.

गेल्या वर्षी तोफ थंडावली. भांडण नाही, तक्रार नाही. गोळ्या वेळेवर, कागद चोख. जेवायच्या सुट्टीत डबा उघडायची आणि तसाच झाकून ठेवायची. तिच्या ड्यूटीत बेल जवळजवळ बंदच पडली. मोठ्या सिस्टरांना वाटलं, चला, आली एकदाची वळणावर. त्यांनी वरच्या साहेबांकडे तिचं तोंडभरून कौतुक केलं आणि शेजारचा वॉर्डही तिच्याच गळ्यात मारला. तिनं हूं की चूं केलं नाही. अहो, एका चादरीवरून अख्खा मजला डोक्यावर घेणारी बाई दोन वॉर्ड मुकाट्यानं घेते, इथंच मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण आयतं सुख कुणाला नको असतं?

मंगळवारी दुपारी तोफ शेजारच्या वॉर्डातून परतली, गोळ्या द्यायला पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका मास्तरांच्या खाटेशी गेली आणि पांघरूण उचललं. पोटाच्या टाक्यांतून रक्त वाहून गादी भिजली होती. मास्तर गेले होते. बेल उशाशीच होती. मोठ्या सिस्टरांनी शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना विचारलं, तर त्यांना रडूच फुटलं.

"मी वाजवणार होतो हो. मास्तर म्हणाले, राहू दे, त्या पोरीचा चेहरा बघवत नाही. आणखी कशाला त्रास द्यायचा?"

खाटेवर पडलेल्या माणसांना जे दिसलं, ते रोज हजेरी घेणाऱ्या मोठ्या सिस्टरांना दिसलं नव्हतं. त्यांना स्वतःची शरम वाटली.

दोन दिवसांनी चौकशीचा कागद आला. सगळा दोष तोफेचा, खाली तिच्या सहीची जागा. सही झाली की नोकरी गेलीच. मोठ्या सिस्टरांनी मनाशी ठरवलं होतं, ही भांडली की आपणही हिच्या बाजूनं उभं राहायचं, दोन वॉर्ड मीच दिले असं लिहून द्यायचं. भांडली तर, बरं का. आपणहून पुढं व्हायची हिंमत त्यांच्यातही नव्हती.

त्यांनी कागद पुढं सरकवला आणि जवळजवळ विनवणीच केली, "आधी वाच. आणि भांड गं बाई माझ्याशी, काय भांडायचं ते भांड."

तोफेनं कागद वाचलाच नाही. सही केली, पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "शेजारच्या वॉर्डातली इंजेक्शनं राहिलीत. जाऊ?"