एकोडीत मी सोपं करून सांगितलं होतं

पुण्याहून नागपूरची गाडी सुटली तेव्हा माझ्या सीटखाली दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे, दुसरीत रक्ताच्या नळ्या, थर्मोकोलचा डबा आणि संमतिपत्रांचा गठ्ठा. समोरच्या काकूंनी डबा पाहून विचारलं, "मासे आणायला चाललात का?" मी म्हटलं, "नाही, रक्त आणायला." त्यानंतर नागपूरपर्यंत काकू माझ्याशी बेतानंच बोलल्या.

माझं कामच तसं आहे. आमच्या प्रयोगशाळेत घराण्यातून पुढे येणाऱ्या मेंदूच्या आजारांवर संशोधन चालतं. शास्त्रज्ञ यंत्रांपुढे बसतात आणि मी गावोगाव हिंडते. घरोघरी बसून वंशावळ काढायची, रक्त घ्यायचं, आणि हा आजार म्हणजे काय ते लोकांना समजावून सांगायचं. या समजावण्यात माझा हातखंडा आहे असं मी आजवर मानत आले. आमचे साहेब ज्यासाठी पाऊण तास आणि तीस चित्रं घेतात ते मी दोन वाक्यांत उरकते, आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता.

साकोलीजवळच्या एकोडी गावात मी ज्या घरी निघाले होते, तिथल्या आजाराचं नाव अटॅक्सिया. पेशीतल्या एका सूचनेत तीन अक्षरांचा तुकडा गरजेपेक्षा जास्त वेळा लिहिला गेलेला असतो आणि त्यापायी लहान मेंदू झिजत जातो. माणूस तिशी-पस्तिशीपर्यंत धडधाकट असतो. मग तोल जायला लागतो, जीभ जड होते, शेवटी घास गिळणंही अवघड होतं. झीज भरून काढणारं औषध अजून नाही. पण शोध चालू आहे, आणि संशोधकांना आता तोल जाण्याआधीची माणसं हवी आहेत, कारण झीज थांबवायचीच तर ती सुरुवातीला थांबवावी लागेल. म्हणून बारा वर्षांनी मी पुन्हा निघाले होते.

नागपूरहून साकोलीची एसटी धरली. भंडाऱ्याला वैनगंगेचा पूल आला तशी बसमधल्या दोघीतिघींनी खिडकीतूनच हात जोडले. दिवाळी नुकतीच सरली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान कापणीला आलेलं, काही ठिकाणी कापून कडपा (कापलेल्या धानाचे आडवे टाकलेले पुंजके) वाळत पडलेल्या. हवेत ओल्या तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) वास होता. आमच्या देशावरच्या डोळ्यांना एवढं पाणी आणि एवढे तलाव पाहून हेवाच वाटतो.

साकोलीला काळीपिवळीत (भाड्याची जीप) दहाजणांत अकरावी म्हणून शिरले. शेजारी एक बाई सानगडीच्या बाजारातून घेतलेली वांगी मांडीवर धरून बसल्या होत्या.

"कोनाच्या घरी जी?" त्यांनी विचारलं.

मी भोजराजचं नाव सांगितलं.

"असं असं, डोलनाऱ्यायच्या घरी." त्यांनी आवाज खाली आणला. "बाप गेला बिचारा डोलून डोलून. आता पोरीले हाय म्हन्तेत. भाऊ सुटला."

"पोरीला आहे हे कोणी सांगितलं?"

"कोनी पुन्याची डाक्टरीन आलती मांगं. तिनंच सांगतलं."

पुण्याहून त्या घरी आलेली बाई मीच. मी डॉक्टर नाही, आणि असं काही सांगितल्याचं मला मुळीच आठवत नव्हतं. गावगप्पा म्हणून मी ते सोडून दिलं आणि वांग्यांचा भाव विचारला.

भोजराजनं मला फाट्यावरच ओळखलं. गेल्या वेळी बावीस वर्षांचा सडपातळ तरुण होता, आता अंगानं भरलेला, कानाशी चार पांढरे केस. घरी त्याची बायको सीमा होती आणि बहीण वनिता. वनिता तेव्हा एकोणीसची. बापाला घास भरवता भरवता माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तीच देत होती. वडील, म्हणजे त्यांचे आबा, जाऊन पाच वर्षं झाली होती. भोजराजची दोन्ही मुलं शाळेत गेली होती.

जेवायला नवा भात, बोडीतल्या (लहान तळ्यातल्या) मासोळीचा रस्सा आणि लाखोरीच्या डाळीचे गरम वडे. या लाखोरीनं पाय जातात असा इथे जुना समज, आणि ती डाळ फार खाल्ली तर तो अगदीच खोटाही नाही. वडिलांच्या आजाराचं खापर लोकांनी आधी लाखोरीवरच फोडलं होतं.

"सात वर्स आमच्या घरी लाखोरी नव्हती," भोजराज जेवता जेवता म्हणाला. "तुमी येऊन गेल्यावर लागलो खायले."

"मॅडमनं किती बेस समजावून सांगतलं होतं तवा," वनिता म्हणाली. "साऱ्यायले समजलं. आबाले भी समजलं."

मी खूश झाले. एक वडा जास्तच घेतला.

दुपारी भोजराजला वावरात जाऊन कापणीवाल्यांना पाणी पोचवायचं होतं. मीही निघाले. माणसाला चालताना पाहणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. दवाखान्यात डॉक्टर रोग्याला टाचेला बोटं टेकवत सरळ रेषेत चालायला लावतात. इथे ती तपासणी रोजच होते, कारण एका बांधीतून (धानाच्या चौकोनातून) दुसरीत जायचं तर धुऱ्यावरून, म्हणजे वीतभर रुंदीच्या बांधावरून जावं लागतं. पुढे पाण्याची कॅन घेऊन भोजराज, मग मी, मागे वनिता.

पन्नास पावलांत मी माझं चालणं विसरून त्याच्या पायांकडे पाहू लागले. भोजराज पाय फाकवून टाकत होता. वळणावर थांबायचा, धुरा कुठे आहे ते डोळ्यांनी पाहायचा, मग पाऊल उचलायचा. कॅनचा हात बदलताना एकदा त्याचा पाय बांधीत गेला आणि "गवत घसरते जी" असं म्हणून तो हसला. गवत कोरडं होतं. त्याच्या वडिलांची अशीच चाल मी वहीत लिहून नेली होती.

त्याच्याकडे पाहण्याच्या नादात माझाच पाय सुटला आणि मी सरळ चिखलात बसले, एक चप्पल आत. वनिता खळखळून हसली. हात देऊन तिनं मला वर ओढलं, चप्पल उपसून काढली, आणि मला धरून धुऱ्यावरून उलट्या पावलांनी चालत कोरड्या जागी आणलं. उलट्या पावलांनी! तिचे पाय धुऱ्यावर नीट पडत होते.

भोजराज पुढे निघून गेला होता. आम्ही दोघी मोहाच्या झाडाखाली टेकलो. माझ्या पायावर पाणी ओतता ओतता ती म्हणाली, "मी भी अशीच पडली होती. तुमी येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या साली. रोवणी चालू होती. डोक्यावर पऱ्ह्याची, म्हनजे धानाच्या रोपायची, पेंडी होती, आन् मी धपकन बांधीत."

"मग?"

"मंग काय? समजलंच ना साऱ्यायले. दोघातून एकाले, असं तुमीच सांगतलं होतं. मी पडली म्हनजे मले हाय. दादा सुटला."

मी चप्पल धुवायची थांबले.

"त्याच साली दादाची सोयरीक आली. पोरीकडच्यायनं आमचं आयकलं होतं. वावर दाखवा म्हन्ले आन् दादाले पुढं घालून साऱ्या धुऱ्यावरून चालवलं. दादा सरका चालला, कुठंच डोलला नाही. लगन झालं." ती ओढणीनं हात पुसत होती. "मले भी पवनीचं एक स्थळ होतं. कपड्याची दुकान होती त्याची. चांगला होता जी, दोनदा येऊन गेला. मीच नाही म्हन्लं. आपल्या अंगात हाय त कायले कोनाचं घर खराब करा?"

तेव्हा मला माझी ती दोन वाक्यं लख्ख आठवली. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या ओसरीत मी साकोलीची शेवटची गाडी चुकेल म्हणून चुळबुळत होते, आणि भोजराजनं विचारलं होतं, "आमाले होईन का?" मी म्हटलं होतं, "निम्मी शक्यता. म्हणजे दोन लेकरं असली तर एकाला, असं समजा ना." किती सोपं! सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या आणि मी पिशवी उचलली होती. ते वाक्य चूक होतं. माझ्या हाताखालच्या नव्या मुली असं वाक्य बोलल्या असत्या तर मी त्यांना फाडून खाल्लं असतं.

संध्याकाळी मुलं खेळायला गेल्यावर मी तिघांना ओसरीत बसवलं. हा दोष बापाकडून लेकराकडे येतो की नाही, हे प्रत्येक लेकराच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून ठरतं, असं सांगितलं. पहिल्याला गेला म्हणून दुसरं सुटत नाही. पहिलं सुटलं म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला येत नाही. दोघांनाही असू शकतो. दोघांनाही नसू शकतो. धुऱ्यावरून पडण्यावरून काहीच ठरत नाही, रक्त तपासल्यावरच कळतं. तेही ज्याला कळून घ्यायचंय त्यालाच, जबरदस्ती नाही.

सीमा उठून आत गेली.

"दोघालेही नसू शकते?" वनितानं विचारलं.

"हो."

"हे तवा काहून नाही सांगतलं?"

"चुकलं माझं. घाई होती, आणि सोपं करून सांगायला गेले."

"आमी तुमच्या तोंडाकडे पाहून राहिलो होतो, मॅडम. आमच्यात शिकलेलं कोनी नव्हतं. तुमी म्हन्लं तेच खरं." तिचा आवाज चढला. "चुकलं म्हन्ता. त्याचं आता मी काय करू?"

मी माफी मागितली, ती तिनं ऐकली, पण बरं म्हणाली नाही. मला रडू येत होतं आणि तिथे रडायचा मला हक्क नव्हता.

रात्री मी साकोलीच्या लॉजवर राहिले. सकाळी परत गेले तेव्हा वनिता न्हाऊन, बाही वर करून तयार बसली होती. संमतिपत्र तिनं ओळीओळीनं वाचलं, चार ठिकाणी मला थांबवून विचारलं, मग सही केली. भोजराजनं रक्त दिलं नाही.

मला फाट्यावर सोडायला तोच आला. तिथल्या लहान पुलाच्या कठड्याला धरून उभा राहिला.

"तुमी काल माह्या मांगं चालत होत्या," तो म्हणाला. "पाहलंच असन."

"रक्त तपासल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही, भोजराजभाऊ."

"सांगू नका जी. मी विचारून भी नाही राहिलो. यंदाच्या रोवणीपासून माहा पायच मले सांगून राहिला." त्यानं कठड्यावरचा हात बदलला. "वनिताचं आंधी करा. तिले वाटते का तिनं माहा भोग घेतला, म्हनून मी सुटलो. अकरा वर्स ती हे धरून बसली. माहं समजल्यावर तिच्याजवळ ते भी नाही राहत."

मुलांचं काय, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा तीच निम्मी शक्यता सांगावी लागली असती, एकदा थोरल्यासाठी आणि एकदा धाकटीसाठी. मी त्याला एवढंच सांगितलं की मनात येईल त्या दिवशी फोन करा, मी येईन, आणि घाई करणार नाही. काळीपिवळी आली. तो हात हलवत राहिला, दुसरा हात कठड्यावरच होता.

परतीच्या गाडीत मी वही उघडली. बारा वर्षांत किती ओसऱ्यांवर मी ते वाक्य बोलले होते ते आठवू लागले. लातूरकडचं एक घर, कोकणातली दोन, आणखी कितीतरी. नावं लिहीत गेले. जिथे दोन लेकरं होती त्या नावांखाली रेघ मारली. त्या सगळ्यांकडे पुन्हा जायचं आहे. ज्या हुशारीची मी इतकी वर्षं फुशारकी मारली तिची मला त्या प्रवासात शिसारी आली. पुणे येईपर्यंत पान भरलं होतं.

असा अहवाल फोनवर सांगायचा नसतो. म्हणून दोन महिन्यांनी मी नागपूरला गेले आणि वनिता एकटीच एसटीनं तिथे आली. एका दवाखान्यानं आम्हाला बसायला खोली दिली होती. मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि सांगितलं की तिच्या रक्तात तो दोष नाही.

तिनं कागद हातात घेतला नाही.

"तवा भी नव्हता का, मॅडम? मी पडली तवा?"

"नव्हता. जन्मापासूनच नव्हता."

ती खिडकीतून खालचा रस्ता बघत बसली. मी या वेळी काहीच समजावलं नाही. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली,

"मंग मी त नुसतीच पडली होती."